हवा न धरणारा शॉकअप

मी बोलतोय, पण जरा दमानं बोलेन. आत हवा उरलेली नाही. लांबच्या प्रवासाच्या एका मोठ्या परदेशी फटफटीचा मागचा डावा शॉकअप मी. उजवीकडे माझा भाऊ. इतरांना नुसती स्प्रिंग असते, आमच्या पोटात थोडं तेल आणि वर हवा. दोघांना मिळून हवेची नळी एकच. हवा भरली की आम्ही ताठ, थोडी सोडली की मऊ. बसलेल्याचं ओझं झेलायचं आणि रस्त्याचा खड्डा त्याच्या कमरेला कळू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम.

जन्म परदेशातला, तो काही आठवत नाही. बडोद्याला आणलं एका गोऱ्या इंजिनिअरनं. रिफायनरीतलं काम संपलं तेव्हा तो आपल्या देशी गेला, आणि जाताना गाडी विश्वंभररावांना देऊन गेला. विश्वंभरराव तिथे पंपांचे फिटर. गाडी त्यांनीच सांभाळली होती.

हरणीच्या सोसायटीत आम्ही शिरलो तेव्हा शेजारचे भास्करराव म्हणाले, "म्हैस आणलीत, आता गोठा बांधा." विश्वंभररावांच्या बायकोनं, अहल्याबाईंनी मात्र पदर खोचला आणि मागे बसूनच पाहिलं.

मग वीसेक वर्षं दसरा झाला की दोघं गरुडेश्वरला जायचे. दत्ताचं दर्शन घ्यायचं, नर्मदेच्या घाटावर बसून डब्यातली पुरीभाजी खायची, उन्हं कलायच्या आत परत. वाटेत विश्वंभरराव काही बोलायचे नाहीत. अहल्याबाई डभोईपर्यंत माहेरच्यांच्या गोष्टी सांगत, पुढे सासरच्यांच्या. मागच्या सीटखाली असल्यामुळे मी सगळं ऐकलेलं आहे.

पुढे आमची रबरं वाळली. सकाळी भरलेली हवा दुपारी जायची, दांड्यावर तेल पाझरायचं. त्याच सुमाराला अहल्याबाईंचा मणका दुखू लागला. डॉक्टरांनी दिवाळीनंतर ऑपरेशन ठरवलं. दुचाकीवर बसणं त्यानंतर कायमचं बंद, आणि तोवरही धक्का लागू द्यायचा नाही, असं बजावलं. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मोटारीत निजून मला नर्मदा नको. एकदा तुमच्या मागे बसून जाऊ. मग काय व्हायचं ते होऊ दे."

विश्वंभररावांनी नाही म्हटलं नाही. आमच्या मापाचं सील, म्हणजे दांड्याभोवती हवा-तेल धरून ठेवणारं रबरी कडं, मांडवीतल्या साऱ्या दुकानांत शोधलं, मिळालं नाही. शेवटी परदेशातल्या पुतण्यानं कुठल्याशा जुन्या गोदामातून एक जोडी पाठवली. ही शेवटची, असं त्यानं कळवलं होतं.

नवरात्रात त्यांनी आम्हाला ओट्यावर उघडलं. हवा सोडली, तेल काढलं, लॉकची कडी उचकटली, वाळलेलं सील हळूच ओढून काढलं. दांडा ज्यात सरकतो तो आतला बूश झिजला होता, तो पाणीगेटच्या लेथवाल्याकडून नवा करून आणला. दांडे रॉकेलनं धुतले, मऊ फडक्यानं पुसले. गाल लावून खरखर लागते का तेसुद्धा पाहिलं. एवढ्या मायेनं मला कुणी हाताळलं नव्हतं.

खंडेनवमीला त्यांच्या घरी सगळी हत्यारं पूजेला लागतात. पाने, पकडी, हातोडी पाटावर मांडली, शेजारी आम्ही दोघं. अहल्याबाईंनी कमरेला हात लावत वाकून प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावलं, वर अक्षता टाकल्या. माझ्या दांड्यावर अगदी टोकाशी बोट लागलं, तांदळाच्या दोन कण्या त्यात चिकटून वाळल्या.

दसऱ्याला आम्हाला जोडायला घेतलं. विश्वंभररावांनी फडकं उचललं. दारातून अहल्याबाई म्हणाल्या, "पूजेचं पुसू नका हो."

फडकं तसंच हातात राहिलं. त्यांनी बोटांनी माप घेतलं. दांडा सीलमधून किती आत जातो, कुंकू किती वर आहे. चार बोटं अंतर होतं. पुरेशी हवा असली तर मी तेवढा खाली बसणारच नव्हतो. त्यांनी फडकं ठेवलं. तीस वर्षांच्या कामात घाणीचा कण सीलजवळ न ठेवणारा माणूस, पण ते कुंकू त्यांच्या हातून पुसलं गेलं नाही.

हवा चार दिवस टिकली. विश्वंभरराव रोज सकाळी मीटर लावून बघायचे. पाचव्या दिवशी आम्ही निघालो. अहल्याबाईंनी पाठीला पट्टा बांधला होता, मध्ये उशी होती. डभोईला चहा प्यायला थांबलो. गाडी जरा कडक लागतेय का, असं विश्वंभररावांनी विचारलं. त्या म्हणाल्या, थोडीशी. तेवढ्यावर त्यांनी वाकून हवा थोडी सोडली, बायकोच्या पाठीला मऊ वाटावं म्हणून. मलाही बरं वाटलं.

पुढे एका पुलाच्या तोंडाशी खड्डा होता. त्यांनी गाडी खूप हळू केली होती, तरी मागचं चाक आत गेलंच. मी खाली बसलो, तळाशी टेकलो. कुंकवाचा तो वाळलेला ठिपका कण्यांसकट सीलच्या ओठात घुसला आणि रबर चिरलं. फुस्स करून हवा गेली, तेल चाकावर उडालं. नळी एकच, म्हणून भाऊही गेला. आम्ही दोघांनी टाकलेलं ओझं अहल्याबाईंच्या मणक्यानं झेललं.

"अहो, मला उतरवा," त्या म्हणाल्या. तेवढंच. ओरडल्या नाहीत.

त्या टेम्पोतून निजून परत आल्या. नर्मदा बारा कोसांवर राहिली. ऑपरेशन दिवाळीच्या आधीच करावं लागलं. पायात जोर आला नाही.

महिन्याभरानं विश्वंभररावांनी मला उघडलं. सीलची चीर दिसली, चिरेत लाल चिखल. नखानं त्यांनी त्यातली तांदळाची कणी काढली. आतून खिडकीतून अहल्याबाईंनी विचारलं, "कशानं झालं हो?"

"सीलच जुनं निघालं," ते म्हणाले. "गोदामात पडून पडून रबर मेलं होतं."

मग त्यांनी रॉकेल घेऊन माझा दांडा पुसला. रिकामाच परत जोडला आणि गाडीवर ताडपत्री टाकली. आता गाडी मागून बसलेली आहे, तशीच राहील. त्या सीलला पर्याय नाही, आणि असता तरी आता कुणाला बसवायचं?

भास्करराव दर आठवड्याला भंगारवाल्याचं नाव काढतात. माझी त्याला हरकत नाही. एक मागणं आहे. हरणीला कधी आलात तर अहल्याबाई खिडकीपाशी पडलेल्या दिसतील. येईल त्याला त्या गाडीचं विचारतात. तुम्हाला विचारलं तर तुम्हीही हेच सांगा, की सील जुनं होतं.