लाह्या नागाच्या, गाणं चंडोलाचं

ट्रान्झिस्टर. ज्वारीच्या लाह्या. कुदळीचं पातं. केस नसलेली शेपटी.

यातली शेपटी तेवढी माझी.

मित्रांनो, मी एक म्हातारी उंदरीण आहे. शिराळ्याजवळच्या एका शेताच्या बांधात माझं बीळ आहे. शेजारी गवतात चंडोल राहतो. रंगाने तो मातीसारखा, मीही मातीसारखीच. पेरलेलं बी तो टिपतो, मीही उकरते. पण पोट भरलं की तो आभाळात चढून गातो. मी कुरतडते.

१९७४च्या श्रावणात शेताचा मालक जोतीराम पलटणीतून रजेवर आला. बांधावर बसून ट्रान्झिस्टर ऐकायचा. चंडोल गायला लागला की चक्क ट्रान्झिस्टर बंद करायचा! आणि माझी शेपटी दिसली की ढेकूळ हाणायचा. मत्सराने माझ्या अंगाची आग व्हायची.

नागपंचमीला तो कुदळ घेऊन माझ्या बिळावर आला. आत माझी पिलं होती, डोळे न उघडलेली.

"आरं, आज पंचमी. आज भुई खणायची न्हाई," त्याची आई राहीबाई ओरडली.

"नागाला कोण खणतंय, आये? उंदराचं बीळ हाय ह्ये."

"आन आत नागोबाच बसला आसंल तर? पलटणीत जाऊन लय शाना झालास व्हय रं!"

तिने माझ्या दाराशी दूध-लाह्या ठेवल्या, हात जोडले. जन्मात पहिल्यांदा मला कुणी नमस्कार केला, तोही नाग समजून! लाह्या मात्र मी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी कुदळ पुन्हा वर गेली. पिलू तोंडात धरून मी थिजले. कुदळ वरच थांबली.

"आये, चंडोलाची पिलं हायत गं हितं!"

"मग ऱ्हाऊ दे बांध, पाखरं उडंस्तवर."

ती उडाली, तोवर माझीही पळायला शिकली. जीव वाचले, आग विझली नाही. एक दिवस नागाच्या पुण्याईचा, बाकीचे चंडोलाच्या. माझ्यासाठी म्हणून कुदळ कधी थांबलीच नाही. अजूनही तो गायला लागला की मी बिळात तोंड खुपसते.

मित्रांनो, मला ओवाळा असं मी म्हणत नाही. फक्त कुदळ मारण्याआधी एकदा वाकून बघा. ज्यांना गाता येत नाही, त्यांनाही पिलं असतात.

चंडोलाच्या ज्या घरट्यासाठी कुदळ थांबली, त्यात अंथरलेलं मऊ गवत माझ्या दातांनी कुरतडलेलं होतं.