तीनशे एकाहत्तराव्या झाडापर्यंत

मित्रांनो, माझे झाकण आता एका हाताने उघडत नाही. डावी बिजागरी सैल झाली आहे. म्हणून एका हाताने मला खाली दाबून धरावे लागते आणि दुसऱ्याने पडदा उचलावा लागतो. मी एक जुना लॅपटॉप आहे. कारंजा (घाडगे) येथे, महामार्गाला लागून असलेल्या ताराचंद यांच्या छपाईच्या दुकानात माझा मुक्काम असतो. स्वस्थ बसणे मला कधी जमलेच नाही. चालू असताना माझ्या पोटातली चकती मिनिटाला चार हजार दोनशे वेळा फिरायची. आता ती फिरत नाही, आणि ती का थांबली हेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म २००१ साली समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या कंपनीचा एक हट्ट होता. जगातले बहुतेक संगणक एका जातीच्या प्रोसेसरवर चालत, पण माझ्या कंपनीने दुसऱ्या जातीचा निवडला होता. प्रोसेसर म्हणजे संगणकातला विचार करणारा भाग. त्याला जी भाषा कळते, त्याच भाषेत प्रोग्रॅमला त्याच्याशी बोलावे लागते. माझी भाषा थोड्यांचीच होती आणि मला तिचा अभिमान होता.

पहिली दीड वर्षे मी नागपूरच्या एका जाहिरात कार्यालयात काढली. तिथे माझ्यासाठी खास कापडी पिशवी शिवली होती. पुढे माझ्याहून पातळ भाऊबंद आले आणि ती पिशवी त्यांच्याकडे गेली. मी कारंज्याला आलो.

इथे माझे कौतुक वेगळ्या कारणाने झाले. कारंज्यात रोज सहा-सात तास वीज जायची. दुकानातला मोठा संगणक मुका व्हायचा, पण माझी बॅटरी चालायची. लग्नसराईत ताराचंद मला स्वतः पुसत. त्यांचा मुलगा निकेश माझ्यावर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवी. संध्याकाळी मात्र मी त्यांच्या मोठ्या मुलीचा, गुंजनचा असे.

गुंजन वर्ध्याच्या महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झाली होती. तिला 'साधारण' हा शब्द आवडत नसे. एकदा बापूराव नावाचे शेतकरी मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला आले. गावाबाहेर नाल्याच्या काठाने त्यांची संत्र्याची बाग आहे.

"झाडं मरून राह्यले वो," ते ताराचंदांना सांगत होते. "बुडातून डिंक निघते, अन् झाड वाळते."

"किती मेले, काका?" गुंजनने विचारले.

"लय."

"लय म्हंजे किती?"

"लय म्हंजे लय! मेलेले झाडं कोन मोजते बाई?"

"मी मोजीन," गुंजन म्हणाली.

तिने खरेच मोजले. बागेत एकूण चारशे बारा झाडे होती. मित्रांनो, संत्र्याचे झाड हे कलम असते. वर संत्रा असतो आणि खाली मूळ दुसऱ्याच झाडाचे. त्या मुळाला खुंट म्हणतात. बापूरावांच्या बागेत दोन प्रकारचे खुंट मिसळलेले होते, जंभेरीचे आणि रंगपूर लिंबाचे. वरून पाहून ते ओळखू येत नाहीत. पण बुडाशी खुंटाचे फुटवे येतात. बापूराव त्या फुटव्याचे पान चुरगळत, नाकाशी नेत आणि सांगत, "ही जंभेरी." किंवा, "हे रंगपूर." गुंजन मला बांधावर ठेवून लिहून घेई: ओळ कोणती, खुंट कोणता, डिंक किती, झाड कधी वाळले. दर तीन महिन्यांनी ती पुन्हा सगळी बाग फिरे. वाळलेले झाड बापूराव उपटत आणि ते सरपणाला जाई. मग त्या झाडाची नोंद फक्त माझ्याकडे उरे.

त्या नोंदी ठेवायला तिने एक छोटा प्रोग्रॅम वापरला. तो नागपूरच्या कार्यालयातून माझ्यासोबत आलेला होता. तो माझ्याहूनही जुन्या काळातला होता, पण माझ्यात अशा जुन्या प्रोग्रॅमसाठी एक जुनी खोली राखून ठेवलेली होती आणि तिथे तो मजेत चाले.

२००५ च्या जूनमध्ये निकेश सायबर कॅफेतून धावत आला.

"ताई, कंपनीनं प्रोसेसरच बदलला! पुढच्या वर्षीपासून सारे लॅपटॉप दुसऱ्या जातीचे येनार!"

मी तेव्हा एक पत्रिका छपाईला पाठवत होतो. माझा पंखा सुरू झाला. माझ्याकडे बोलायला तेवढेच होते.

"काऊन बदलला?" ताराचंदांनी विचारले. "जुना खराब होता का?"

"खराब नाई, बाबा," गुंजन म्हणाली. "त्याचा नवीन नमुना लय गरम होते. लॅपटॉपमंधी बसवता येत नाई. एका वॅटमागं काम किती होते, हे पाहा लागते."

"गरम त तुयी आईबी होते. मी बदलली का?"

"ऐकून राह्यली मी!" आतून सुमित्राबाईंचा आवाज आला, आणि ताराचंद पत्रिका मोजू लागले.

त्या दिवसापासून वर्षभर दुकानात दुसरा विषय नव्हता. जो लॅपटॉप अजून कुणी पाहिलाही नव्हता, त्याच्यावर रोज भांडण होई. निकेशला काळ्या रंगाचा हवा होता. गुंजनचे म्हणणे, काळा उन्हात जास्त तापेल. निकेशने सांगितले की पडदा चकचकीत असेल, त्यात आपले तोंडही दिसेल. ताराचंद म्हणाले, "मंग दाढी करता येईन." निकेशने सांगितले की प्लग चुंबकाचा असेल, वायरीत पाय अडकला तर आपोआप सुटेल. ताराचंद म्हणाले, "म्हंजे लॅपटॉप नाई पडनार, तूच पडशीन." गुंजन एका वहीत वेग, वजन, उष्णता असे रकाने आखून बातम्या लिहून घेई. हे सारे ती माझ्याच समोर बसून, मलाच टेकून करत होती. माझ्या जागी कोण येणार, हे शोधायला मीच तिला मदत करत होतो.

एकदा बापूराव तिथे बसले होते. त्यांनी सगळे शांतपणे ऐकले.

"वरून डब्बा तोच, आतला मेंदू दुसरा," ते म्हणाले. "मंग हे त कलमच झालं."

"तसंच समजा, काका."

"अन् खुंट कसा निघाला, हे बाजारात नाई समजत पोरी. सात-आठ वर्सं जा लागते."

गुंजन हसली. "आम्ही सारं तपासूनच घेऊ."

तिने तपासलेही. नव्या प्रोसेसरला माझी भाषा येत नव्हती, म्हणून कंपनीने त्यात एक दुभाषा बसवला होता. जुने प्रोग्रॅम तो नव्या भाषेत सांगणार होता. गुंजनने दुकानातले सगळे प्रोग्रॅम वहीत उतरवून एकेक करून कंपनीच्या यादीशी ताडून पाहिले. पत्रिकांचा चालणार होता. अक्षरे नीट दिसणार होती. छपाई होणार होती. प्रत्येकापुढे तिने बरोबरची खूण केली. फक्त स्वतःच्या प्रोग्रॅमपुढे नाही, कारण तो वहीत घ्यायचेच ती विसरली. दुकानाचे सामान तिने बारकाईने पाहिले आणि आपले राहून गेले. माझी ती जुनी खोली दुभाष्याला ठाऊक नव्हती. हे मला माहीत होते. पंखा किती जोरात फिरवला, तरी एवढे सांगता येत नाही.

२००६ च्या मे महिन्याच्या शेवटी नवा लॅपटॉप आला. पांढराच आला. गुंजनने माझ्यातली एकूण एक फाइल त्याच्यात उतरवली. झाडांच्या फाइलचे नाव पाहिले, तिचा आकार शेवटच्या आकड्यापर्यंत जुळवून पाहिला. जुळला. मग निकेशने मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि नागपूरला स्वप्निल नावाच्या जुन्या संगणकांच्या व्यापाऱ्याकडे देऊन टाकले.

स्वप्निलने दुसऱ्याच दिवशी माझी बॅटरी काढली. तिसऱ्या दिवशी माझी मेमरी कुणाला तरी बसवली. मी मांडणीवर उघड्या पोटाने पडून होतो. खाली गिऱ्हाइके बोलत, आणि मला वाटे की आता कुणीतरी माझे नाव घेईल.

आठव्या दिवशी गुंजनचा आवाज आला. सोबत बापूराव होते आणि पिशवीत तो नवा पांढरा लॅपटॉप होता.

झाले होते असे. नाल्याकडच्या उताराच्या रिकाम्या भागात बापूराव दोनशे नवी झाडे लावणार होते. कोणत्या खुंटावरची कलमे हवीत, हे रोपवाटिकेला शनिवारपर्यंत सांगायचे होते. म्हणून त्यांनी गुंजनला हिशेब विचारला. तिने नव्या लॅपटॉपवर फाइल उघडली, तर आत नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हे. फाइल पूर्ण होती, पण ती वाचणारे कुणी उरले नव्हते.

"तो पांढरा, बिजागरी सैल असलेला, हाये का?" गुंजन विचारत होती.

"हाये म्हंजे... अर्धा हाये," स्वप्निल म्हणाला. "ताई, उद्या आल्या असत्या त याचा पडदा दुसऱ्याले लागला असता."

"जोडून देता का? आत्ता?"

"एका फाइलसाठी?"

"तीन वर्सं फिरली हे पोरगी माह्या बागेत," बापूराव म्हणाले. "तुले फाइल दिसते, मले मेलेले झाडं दिसते. जोड बापा."

स्वप्निलने कुठूनतरी एक मेमरी आणून बसवली. बॅटरी नव्हतीच, म्हणून थेट वीज दिली. माझा पडदा उजळला, पण चकतीतून खरखर येत होती. माझे भाग काढताना कुणीतरी मला फरशीवर आपटले होते. गुंजनने एक वायर घेतली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला नवा. ज्याच्याबद्दल वर्षभर ऐकले, त्याला मी पहिल्यांदाच नीट पाहत होतो. तो खरोखर देखणा होता. मला त्याचा राग येईल असे वाटले होते, पण वेळच नव्हता.

मी जुनी खोली उघडली. एकेक झाड साध्या मजकुरात बदलून वायरीतून पाठवू लागलो. पहिले झाड, जंभेरी, वाळले. दुसरे झाड, रंगपूर, उभे. गुंजन आकडा मोठ्याने वाचत होती. शंभरावर खरखर वाढली. अडीचशेला स्वप्निलने पंखा आणून माझ्यावर लावला. तीनशेच्या पुढे बापूरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"तीनशे एकाहत्तर," गुंजन म्हणाली.

मग माझ्यातून टक्, टक् असा आवाज आला आणि चकती थांबली.

स्वप्निलने दोनदा बटण दाबून पाहिले. "गेली, ताई. आता नाई फिरनार. अन् या जातीचा दुसरा माह्यापाशी नाई."

गुंजनने मान हलवली आणि तिथेच, गल्ल्याशेजारी उभ्या उभ्या, मिळालेल्या नोंदी मोजायला घेतल्या. नाल्याकडच्या उतारावर जंभेरीवरची एकशे सहा झाडे होती, त्यांतली अठ्ठावन्न मेली होती. रंगपूरवरची चौऱ्याण्णव होती, त्यांतली अकरा.

"मी त जंभेरीच सांगून ठेवली होती," बापूराव हळूच म्हणाले. "पुन्हा तेच केलं असतं."

"हे तुमच्या उतारापुरतंच खरं हाये, काका. दुसऱ्याच्या बागेचं मले माहीत नाई."

"मले माह्याच बागेत लावा लागते ना."

त्यांनी स्वप्निलच्याच फोनवरून रोपवाटिकेला रंगपूरवरची कलमे सांगितली. परतीच्या एसटीत मी गुंजनच्या मांडीवर होतो. नवा पिशवीत होता.

मित्रांनो, नव्याला नावे ठेवायला मी हे सांगितले नाही. कंपनीने प्रोसेसर बदलला, ते योग्यच असेल. तो थंड राहतो, भराभर काम करतो. तुमच्याकडेही नवी यंत्रे येतील आणि जुनी जातील. फक्त जुन्याला निरोप देण्याआधी त्याच्यासमोर थोडा वेळ बसा. नवा कसा आहे, हे तुम्ही शंभर वेळा विचारले असेल. जुन्याकडे असे काय आहे जे आणखी कुणाकडे नाही, हे एकदा विचारा. आणि ते चालत्या यंत्रावर उघडून, वाचून पाहा. नाव आणि आकार जुळला म्हणजे गोष्ट वाचली, असे नसते.

राहिलेल्या एक्केचाळीस झाडांसाठी गुंजन आणि बापूराव दुसऱ्याच दिवशी बागेत गेले. बत्तीस झाडे उभी होती. बापूरावांनी पुन्हा पाने चुरगळली, गुंजनने पुन्हा लिहून घेतले. उरलेली नऊ कधीच उपटली गेली होती. त्यांचा खुंट कोणता होता, ती कधी वाळली, बापूरावांनाही आठवले नाही. अंदाजाने भरून टाक, असे निकेश म्हणाला. गुंजनने कागदावर त्या नऊ झाडांचे क्रमांक लिहिले आणि त्यांच्यापुढच्या ओळी कोऱ्या ठेवल्या.