माझ्या कपाळावरची ओळ

मी एक जुनी यादी आहे. वाचनालयातलं कोणतं पुस्तक कुणाकडे आहे, ते कधी परत यायचं, हे सांभाळणाऱ्या एका प्रोग्रामच्या पोटात मी राहते. तो ज्यांनी लिहिला त्यांची नावं माझ्यात असतात. मित्रांनो, आज जे सांगणार आहे ते सांगताना माझी मान खाली आहे.

तिघा मित्रांनी मला बनवलं. त्यांच्यातल्या थोरल्याला सगळे दादा म्हणत. प्रोग्राम त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला. कुणीही फुकट वापरावा, कुणीही सुधारावा. माझ्या कपाळावर मात्र एक नियम लिहिला : 'पंधरा ओळींहून कमी काम पाठवणाऱ्याचं नाव इथे येणार नाही.' एवढ्याशा कामावर लेखकाचा हक्क बसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला त्या नियमाचा केवढा तोरा होता!

गणिताच्या एक बाई शाळा सुटल्यावर दुरुस्त्या पाठवायच्या. कधी चार ओळी, कधी सहा. लीप वर्षात चुकणारी परतीची तारीख, सुट्टीच्या दिवशीही पडणारा उशिराचा शेरा. दादा म्हणायचे, "आली बरं का बाईंची ठिगळं!" सगळे हसायचे. आठ वर्षं मीही हसले.

मग एका कंपनीनं प्रोग्राम विकत मागितला. तो कुलपात जाणार होता, म्हणजे फुकट वापरणं-सुधारणं बंद होणार होतं, म्हणून प्रत्येक हक्कदाराची संमती हवी होती. माझ्यातल्या अकरा जणांना विचारलं, अकराही हो म्हणाले. तेवढ्यात नवी आलेली प्रोग्रामर म्हणाली, "दादा, तारखांचा अख्खा भाग कुणी लिहिलाय?"

"बाईंनी. पण चार-चार ओळी गं. त्यात कसला आलाय हक्क?"

"चार ओळी एकदा असत्या तर ठीक. इथे अठ्ठावन्न वेळा आहेत. थेंबे थेंबे तळं साचलंय, आणि आपण तळंच विकायला निघालोय."

मला तर तोंड लपवायला जागा नव्हती. दादांनी बाईंना फोन लावला.

"नावाचं राहू द्या हो," बाई म्हणाल्या, "पण विचारायचं तरी! माझी संमती नाही. आमच्या शाळेचं कपाटभर वाचनालय यावरच चालतं. कुलूप लागलं तर मुलांनी काय करायचं?"

विक्री थांबली. दादांनी बाराव्या जागी बाईंचं नाव लिहिलं. ती जागा माझ्याकडे आठ वर्षं रिकामीच होती.

मित्रांनो, कुणाचं काम मोजाल तेव्हा चिमूट चिमूट वेगळी काढून फुंकरीनं उडवू नका.

पुढच्याच आठवड्यात बाईंची दुरुस्ती आली. या वेळी ती माझ्यासाठी होती. माझ्या कपाळावरचा नियम त्यांनी खोडला होता. सगळं काम एका ओळीचं.