भरल्या ताटावरून

आमच्या सासूबाई घराबाहेर पडताना आधी मेन स्विच पाडतात आणि मग चपला घालतात. त्यांच्या बहिणीकडे इस्त्री चालू राहून पडदे पेटले होते, तेव्हापासूनची ही सवय. आत कुणी टीव्ही बघतंय की गरम पाण्याची वाट बघतंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

परवा त्या डोळे तपासायला निघाल्या. मी धागा आणायला खाली उतरले होते आणि शिवणाच्या खोलीत कॉम्प्युटर एका कोटाचा पॅटर्न साठवून घेत होता. मी परत आले तर घरातली वीज बंद. मेन वर केला, तर कॉम्प्युटरचा पडदा काळा आणि त्यावर पांढरी अक्षरं, मला न कळणारी.

मी ज्यांचे कपडे शिवते, ती माणसं तयार कपड्यांत मावत नाहीत. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणी कायमचं चाकाच्या खुर्चीत. इतक्या वर्षांत काढलेले त्या सगळ्यांचे पॅटर्न त्या एका डब्यात. तो चालवायला मी बटणं दाबून आणि लेकाची बोलणी खाऊन शिकले.

दुरुस्तीवाल्यानं डबा उघडला आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तशा आवाजात म्हणाला, "ताई, तो लिहीत होता आणि कुणीतरी हातातलं पेन हिसकावलं. अर्धवट लिहिलेलं तर गेलंच, पण कुठली वस्तू कुठे ठेवलीय ही त्याची आठवणही विस्कटलीय. त्यात डिस्क म्हातारी. यूपीएस नव्हता का?"

"आहे ना. बॅटरी कधीच मेलीय. आई त्याच्यावर पाय ठेवून पेपर वाचतात."

"घ्या, म्हणजे तेही माझ्यावरच!" सासूबाई म्हणाल्या. "आणि घर पेटलं असतं म्हणजे?"

"घर पेटलं नाही, आई. पॅटर्न गेला."

"मग परत काढ. हात आहेत ना?"

हात होते. पाठ दुसऱ्याची होती.

दुरुस्तीवाल्यानं कसंबसं त्याला उठवलं, नवी डिस्क जोडली आणि आज सकाळी जुनीवरचं सगळं नवीवर चढवायला लावून दिलं. "संध्याकाळपर्यंत चालेल. मधे वीज तोडलीत, तर मला बोलावू नका."

गेलेला पॅटर्न मास्तरीणबाईंचा होता. पोरगी गणित शिकवते, नव्या शाळेत सोमवारी तिचा पहिला दिवस. पाठ एका बाजूला वळलेली. मापं घेताना तिला ताठ उभं राहावं लागतं आणि ते दुखतं. फोनवर मी झालेलं सांगितलं, तर तीच म्हणाली, "येते मावशी. चुकलेलं गणित पुन्हा सोडवायचं, त्यात काय."

दुपारी ती टेबलाची कड धरून उभी होती. अंगावर कच्चं कापड, त्याच्या दोन्ही कडा माझ्या हातात, टाचण्या माझ्या तोंडात. हात सोडले असते तर सगळं पहिल्यापासून. तिच्या ओठावर घाम आला होता. सासूबाई पाणी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. तिच्या वळलेल्या पाठीकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात बेल वाजली आणि सासूबाई दार उघडायला गेल्या.

"आजी, मीटरची वायर बदलायचीय. मेन पाडतो, पाच मिनिटं." वायरमनचा आवाज.

"म्म्म!" मी टाचण्यांतून ओरडले.

"मावशी, मी ओरडू का?" मास्तरीणबाई म्हणाली. पण त्याआधीच बाहेरून आलं,

"हात लावून तर बघ!"

"आजी, खालच्या सगळ्यांनी पाडू दिलाय."

"त्यांच्याकडे कुणी जेवत नसेल. आमच्याकडे जेवतंय."

"कोण?"

"कॉम्प्युटर."

बाहेर शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज आला.

"आजी, त्याला काय कळतंय?"

"तुला कळतंय ना? भरल्या ताटावरून उठवू नये कुणाला. परवा मी उठवलं. त्याचं काय गेलं? आतली ती पोर बघ, तिला पुन्हा उभं राहावं लागतंय."

"साहेब मला झापतील."

"माझ्याकडे पाठव त्यांना. आधी वरचे मजले उरक, मग ये."

"आणि तोवर वायर पेटली म्हणजे?"

हा प्रश्न आमच्या घरात आजवर एकच माणूस विचारत आलं होतं.

"पेटली तर मी आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी इथून हलत नाही."

आणि हलल्या नाहीत. मेलेला यूपीएस ओढून मेनच्या बोर्डाखाली घेतला, बाल्कनीतल्या कुंडीची माती घमेल्यात भरून शेजारी ठेवली आणि त्या यूपीएसवर बसल्या. मास्तरीणबाई मापं संपवून निघाली तेव्हा म्हणाली, "आजी, परीक्षेला असं पहारा देणारं माणूस आम्हाला हवंय."

"आधी कोट घालून दाखवायला ये," सासूबाई म्हणाल्या. नजर बोर्डावरच.

उन्हं कलली आणि सगळं नव्या डिस्कवर चढलं. दोन-चार पॅटर्न मी उघडून पाहिले; उतरलेला खांदा जागच्या जागी होता. मास्तरीणबाईंची नवी मापंही साठवली. मग रीतसर कॉम्प्युटर बंद करायला लावला. तो सावकाश, आपल्याच चालीनं आवरत राहिला. सासूबाई माझ्या पाठीशी उभ्या.

"झालं त्याचं?"

"झालं, आई."

"हात धुतले?"

तेवढ्यात शेवटचा हिरवा दिवा विझला. "धुतले," मी म्हणाले.

दारात वायरमन शिडी घेऊन तिष्ठत होता. "आता तरी पाडू?"

"तू थांब रे," सासूबाई पदर खोचत म्हणाल्या. "ते माझं काम आहे."

आणि त्यांनी मेन पाडला.