समोरच्या दारावरची नोटीस

आमच्या दैनिकाच्या पहिल्या पानावर एक आग लागली होती, ती तीन वर्षं विझली नाही. लाकडाच्या वखारीची आग. एकदा कधीतरी बातमी आली, पान भरलं, आणि मालकांना ती इतकी सोयीची वाटली की रोज तारीख बदलून तीच. कुणी तक्रार केली नाही, कारण वाचायला कुणी नव्हतंच. आमचे वाचक एकंदर सात. त्यातले दोघे वारलेले, पण अंक बंद करा म्हणून सांगायला त्यांच्या घरचं कुणी आलं नाही, म्हणून त्यांनाही जायचा.

मग असलं वर्तमानपत्र काढायचं कशाला? नोटिसांसाठी. गहाण जमीन लिलावात काढायची असो, मेलेल्याची मिळकत वारसांच्या नावावर करायची असो, कायदा म्हणतो, आधी वर्तमानपत्रात जाहीर करा. कुणाची हरकत असेल तर येऊ दे. कायदा बिचारा भोळा. ते वर्तमानपत्र कुणी वाचतं का, हे काही तो विचारत नाही. त्यामुळे ज्यांना जाहीर तर करायचं असतं पण कुणाला कळू द्यायचं नसतं, ती सगळी मंडळी आमच्या जिन्यावर. आत तीन पानं नोटिसा, मुंगीलाही चष्मा लागेल एवढ्या अक्षरात. चाळीस प्रती निघायच्या. एक कोर्टात, एक वकिलाला, सात वाचकांना, उरलेल्या रद्दीवाल्याला. रद्दीवाला तेवढा मन लावून चाळायचा.

त्या नोटिसा कॉम्प्युटरवर जुळवायचं काम माझं. गल्लीत मला नोटीसकाका म्हणत. बारा वर्षं मी ते केलं आणि माणसांबद्दल मला जी काही माया होती ती तिथं संपली. बापाच्या चपला अजून दारात असायच्या आणि मुलं मजकूर घेऊन माझ्यासमोर. ‘मयत’ शब्द लिहिताना हात कापायचा नाही कुणाचा. एकाने तर मला विचारलं होतं, ‘‘बाबा आजच्या दिवसात जातील असं डॉक्टर म्हणालेत, जागा धरून ठेवता का?’’ ठेवली मी. काय करणार, मालकांचा हुकूम.

तर एका सोमवारी आमच्याच गल्लीतले दोघे भाऊ वकिलाला घेऊन आले. थोरला विम्याचा एजंट, धाकट्याचं फरशीचं दुकान. बाप घड्याळं दुरुस्त करायचा. तो महिन्यापूर्वी गेलेला. मजकूर असा, की मयताला आम्ही दोघेच वारस, आम्हाला वारस दाखला मिळावा, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कोर्टात नोंदवावी, नपेक्षा हरकत नाही असे समजण्यात येईल.

मी दोनदा वाचलं. म्हटलं, ‘‘आणि काजताई?’’

काजताई म्हणजे या दोघांची बहीण. शहरातल्या निम्म्या शिंप्यांच्या सदऱ्यांची काजं तीच करायची, म्हणून ते नाव. अंथरुणाला खिळलेल्या बापाचं सगळं तिने अकरा वर्षं केलं. हे दोघे तेव्हा महिन्यातून एकदा यायचे, दारातूनच ‘‘कसं आहे?’’ विचारून नाकाला रुमाल लावून निघून जायचे. बाप गेला त्याच आठवड्यात त्यांनी पुढच्या दाराला कुलूप घातलं आणि तिला मागची खोली दिली. जायचं यायचं मागच्या बोळातून. ती खोली गेली तर तिला दुसरी जागा नव्हती, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

थोरला हसला. ‘‘काका, तिला काय करायचंय घर? एकटा जीव.’’

‘‘मजकुरात एक अक्षर बदलायचं नाही,’’ वकील म्हणाला. आमच्या निम्म्या नोटिसा त्याच्याकडून यायच्या. मालक आतून ओरडले, ‘‘काका, घ्या की लवकर!’’

आणि मी घेतलं. जुळवलं, तपासलं, एक वेलांटी चुकली होती तीसुद्धा सुधारून दिली.

आता नुसतं छापून भागत नाही. कोर्टाचा बेलीफ ती नोटीस त्या घराच्या दारावर डकवतो आणि फोटो काढून कोर्टाला देतो. आमच्या बेलीफाला आम्ही फुंकर म्हणायचो, कारण त्याने लावलेली नोटीस एका फुंकरीने पडायची. त्याची पद्धतच होती. पातळ खळ चार टोकांना चाटवायची, कागद टेकवायचा, मोबाईलवर फोटो, की चट्‌दिशी कागद काढून खिशात. हा सगळा सोहळा शिंक यायला लागतो तेवढ्या वेळात. दार पुन्हा स्वच्छ, कोर्टाचं समाधान, आणि चहापाण्याचं ज्याचं त्याने बघायचं. खळ तो आमच्या बाइंडिंग खात्यातून डबा भरून फुकट न्यायचा.

बायंडरची खळ संपली की तिथं सरस उकळायचे. जनावरांच्या कातड्याचा सरस; वास असा की माशासुद्धा लांबून वळून जात. त्यात मी राळ आणि आणखी दोन गोष्टी घातल्या, त्या सांगणार नाही, कारण उद्या तुम्हीही कराल. या सरसाची ताकद सांगितली तर खोटं वाटेल. एकदा याचा एक थेंब आमच्या मांजराच्या शेपटीला आणि कपाटाच्या दाराला एकदम लागला. मांजर गेलं ते दार घेऊनच गेलं, आणि आठ दिवसांनी पलीकडच्या गल्लीत त्या दाराच्या सावलीत पिल्लांसकट सापडलं. तर तो सरस मी या वेळी खळीच्या जागी, पाणी घालून, फुंकरच्या डब्यात भरला.

पुढे काय झालं ते मी खिडकीतून बघितलं. माझी खोली त्या घराच्या समोरच. फुंकरने चार टोकं चोपडली, कागद टेकवला, फोटो काढला, आणि ओढायला गेला. कागद हलेना. नखं लावली. नख राहिलं तिथंच. मग त्याने पाय दाराला लावून जोर केला आणि मागच्या मागे गटारात बसला. दुपारी दोघे भाऊ आले. खरवडणी आणली, गरम पाणी आणलं, रॉकेल आणलं. दाराचा हिरवा रंग गेला, खालचं पांढरं अस्तर गेलं, एक बिजागरी हातात आली, पण नोटीस जशीच्या तशी. शेवटी त्यांनी वरून रंग मारला, तर सरसाने तो रंग पिऊन टाकला आणि सकाळी अक्षरं आणखी ठळक. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर बिजागऱ्या दोन सांगितल्या असत्या.

मी खूश होतो. म्हटलं, आता सगळी गल्ली वाचेल, कुणीतरी बोळातून जाऊन काजताईला सांगेल, आणि माझं नाव कुठेही येणार नाही.

गल्लीने वाचलं. वाटेल त्याने वाचलं. ज्यांनी शाळा सोडल्यापासून एक ओळ वाचली नव्हती त्यांनी बोटं ठेवून वाचलं. आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्याकडे रांग लागली.

पहिला आला औषधवाला. पायरीवर बसून आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी. मग हळूच, ‘‘काका, तुम्ही यातले जाणकार. या घराचं काय मागतील हो ते?’’

‘‘काजताईला सांगितलंस का?’’

‘‘छे हो, घरातल्या भानगडीत आपण कशाला पडा! मला आपलं गोदामाला पुढची खोली हवी होती.’’

मग मास्तरीणबाई. यांनी काजताईला लहानपणी पाढे शिकवलेले. डोळे पुसत म्हणाल्या, ‘‘फार वाईट वाटतं हो पोरीचं.’’ आणि त्याच पदराने नाक पुसत, ‘‘माझ्या भाच्याला वरचा मजला नुसता मिळेल का, की सगळं घर एकदम काढतायत?’’

मग इस्त्रीवाला आला. त्याला मागची खोली हवी होती. तीच, जिच्यात ती राहत होती. ‘‘ती कधी सोडणार, काही अंदाज?’’ कोळशाची इस्त्री ठेवायला खिडकी कुठे पाडायची तेही त्याने ठरवलं होतं.

या माणसांपेक्षा सरसाचा वास बरा असं वाटलं. हीच माणसं तिच्याकडून फुकटात बटणं लावून घ्यायची, ‘‘ताई, तुझ्या हातात जादू आहे गं’’ म्हणायची. आता बोळात काजताई दिसली की सगळे मान खाली घालून निघून जात, आणि वळणावर पोचले की एकमेकांकडे बघून भिवया उडवत. गिधाडंसुद्धा जनावर पडेपर्यंत थांबतात.

आणि मी? मी रोज खिडकीतून बघत होतो आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत होतो. शिव्या अगदी निवडक होत्या.

चौदाव्या दिवशी सकाळी मला राहवलं नाही. बोळाला वळसा घालून मागच्या दाराशी गेलो. काजताई खिडकीपाशी सदऱ्यांच्या ढिगात बसली होती, दोरा दातात.

‘‘या काका. बसा, ते सदरे सरकवा.’’ मग दोरा तोडून म्हणाली, ‘‘बरं झालं आलात. पुढच्या दारावर काय लागलंय हो? माणसं थांबून थांबून बघतात म्हणे. मला या दोनशे काजांतून मान वर करायला वेळ नाही. औषधवाल्याला विचारलं, तर म्हणाला, रंगाच्या कंपनीची जाहिरात आहे.’’

मी सांगितलं. सगळं, मजकुरासकट, मला तो तोंडपाठ होता.

ती रडली नाही. सुई उशीत खोचली. ‘‘दोघेच वारस,’’ एवढंच म्हणाली. मग, ‘‘तुम्हाला कधी कळलं?’’

‘‘पहिल्या दिवशी.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे मीच जुळवली. पण काजताई, तो सरस मीच—’’

‘‘चौदा दिवस,’’ ती म्हणाली. ‘‘इथून तुमची खिडकी किती पावलं आहे, काका?’’

मी पावलं मोजली नव्हती.

तिने ट्रंकेतून शाळेचा दाखला काढला. त्यावर बापाचं नाव होतं. आम्ही कोर्ट गाठलं. तिथल्या कारकुनाने खिडकीतून अर्धं तोंड काढून सांगितलं, ‘‘हरकत पाचच्या आत. दाखल्याबरोबर प्रतिज्ञापत्र पाहिजे, आणि तुम्ही मयताची मुलगी आहात हे ओळखणारा एक माणूस. सहीला स्वतः हजर.’’

एक वाजला होता. काजताई परत गल्लीत आली, मी तिच्या मागे.

औषधवाला म्हणाला, ‘‘ताई, ओळखतो की! पण सही म्हणजे जरा... थोरल्याशी माझे संबंध आहेत.’’ मास्तरीणबाईंना एकदम चक्कर आली. खुर्ची गाठून आली. इस्त्रीवाला म्हणाला, ‘‘मी काही तुला जन्मताना बघितलेलं नाही ना, खोटी सही कशी करू?’’ तिचा बाप तिला खांद्यावर घेऊन याच माणसाच्या दुकानासमोर उभा राहायचा.

तीन वाजले. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि माझ्याकडे वळली. विनंती केली नाही. 

मला सगळं दिसत होतं. सहीखाली नाव येणार. वकिलाला ते संध्याकाळपर्यंत कळणार. वकील मालकांना सांगणार, आणि या वयात मला दुसरं काम कुठलं. हे सगळं पहिल्या दिवशीही दिसत होतं, म्हणून तर मी डब्यात सरस भरून लपून बसलो होतो आणि स्वतःला शहाणा समजत होतो. औषधवाल्याने निदान गोदामासाठी तोंड बंद ठेवलं. मी नुसतं भिऊन.

‘‘चल,’’ मी म्हटलं.

साडेचारला आम्ही पुन्हा कोर्टात, त्या कारकुनाच्या खिडकीशी. प्रतिज्ञापत्र लिहून देणाऱ्या टायपिस्टला काजताई सांगत गेली, आणि तिने एक वाक्य मध्येच घातलं: ‘ही नोटीस मला आजच कळली, सोबतचे ओळखणारे गृहस्थ यांस ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती, परंतु त्यांनी मला सांगितले नाही.’

टायपिस्टचे हात थांबले. त्याने माझ्याकडे बघितलं. ‘‘हे ठेवू?’’

‘‘खरं आहे ते,’’ ती म्हणाली.

‘‘ठेवा,’’ मी म्हटलं.

मी सही करत असतानाच वकील व्हरांड्यातून आला. कागद उलटा असून त्याने वाचला. त्या जातीला उलटं लवकर वाचता येतं. ‘‘काका, डोकं फिरलंय का? उद्यापासून ऑफिसात तोंड दाखवू नका.’’ मी आडनाव पूर्ण केलं, तारीख घातली. कारकुनाने पाचला बारा कमी असताना शिक्का मारला. आता तिच्या सहीशिवाय त्या घराची वीटसुद्धा विकता येणार नव्हती, आणि वकिलाचा चेहरा असा झाला की त्याला कुणी आमचंच वर्तमानपत्र वाचायला दिलंय.

काजताईने पोचपावती घडी करून पोलक्यात ठेवली. बाहेर एक रिक्षा उभी होती. ती बसली, आणि रिक्षावाल्याने माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘हेपण येणार?’’

‘‘नाही,’’ ती म्हणाली.

मागच्या सीटवर तिघांची जागा होती. मी चालत निघालो.