तिसऱ्या बाणाची खाच

इनॉकचा हात थरथरायला लागलाय, हे आम्हाला पहिल्यांदा सांगितलं ते बशीनं. त्यानं कप ठेवला की ती किणकिणायची. मी म्हटलं, बशीच खराब असेल. आमचं निम्मं बर्स्लेम गाव कपबशा करून जगलं, आणि मी दोष दिला बशीला. नवऱ्याला काही होऊ शकतं हे मला मान्यच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जिवाला धोका नाही. धोका नाही म्हणे! गुरुवारी संध्याकाळी 'ब्लू सॉसर' पबात भिंतीवरच्या फळीवर डार्ट्सचे बाण मारता आले नाहीत तर इनॉकच्या जिवात उरतं काय? पस्तीस वर्षं तो पबाच्या संघात होता. पाटीवर खडूनं लिहिलेल्या आठ नावांत त्याचं नाव सर्वांत जुनं होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी संघाचा कप्तान सिरिल ब्लूर दारात येऊन उभा राहिला. टोपी हातात, नजर पायपुसण्यावर.

"ऑलिव्हकाकू, इनॉककाकांना तोंडावर बोलायची माझी छाती होत नाही. पण मागच्या सामन्यात त्यांचा बाण फळी सोडून चिप्सच्या पाकिटात घुसला हो."

"कोणाच्या?"

"माझ्याच."

"मग चिप्स खाताना लांब बसावं माणसानं."

"सहा गुरुवार थांबतो, काकू. नाहीच जमलं तर नाव पुसावं लागेल."

"पूस. पण पुसताना स्वतःच्या हातानं पूस, दुसऱ्याला सांगू नकोस," मी म्हटलं आणि त्याला चहासुद्धा विचारला नाही.

त्याच आठवड्यात इस्पितळातल्या नर्सनं इनॉकला एक चमचा दिला. दांड्यात शिसं भरलेला, बेढब आणि जड. पण त्या चमच्यानं सूप त्याच्या तोंडापर्यंत पोचलं, शर्टावर एक थेंब पडला नाही. तो जेवून उठला तरी मी तो चमचा हातात धरून बसले होते. वजनाला हात ऐकत होता. मग बाणही जड हवेत, एवढी साधी गोष्ट होती.

साधी म्हणजे बोलायला साधी. त्याचे जुने बाण पितळेचे. पितळेत वजन वाढवायचं तर बाण जाडजूड होतात, आणि फळीवरच्या सर्वांत जास्त गुणांच्या त्या इवल्याशा लाल पट्टीत तीन जाडे बाण शेजारी मावत नाहीत. बारीक असून जड असं काहीतरी हवं होतं. माझ्याबरोबर काम केलेला आयव्हर सॉल्ट विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता. त्याच्याकडे टंगस्टनच्या कांडीचा एक तुकडा पडून होता.

"घेऊन जा," तो म्हणाला. "पण तुझी टूलं रडतील हं."

"माझी टूलं माझ्यासारखीच आहेत. रडत नाहीत."

करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर जवळजवळ एक पौंड. हातात घेतली की मनगट आपोआप खाली जायचं. त्या रात्री मला स्वप्न पडलं. मी कांडी उशाशी ठेवली होती आणि ती गादीतून, पलंगातून, फरशीतून हळूहळू खाली चालली होती. घाई नाही, आवाज नाही. तिच्यामागे मीही चालले होते, आणि खाली अगदी खोल इनॉक उभा होता, दोन्ही हात स्थिर. जाग आली तेव्हा मला रडू येत होतं. का ते मी त्याला सांगितलं नाही.

आमच्या मागच्या अंगणातल्या शेडमध्ये लोक फावडी ठेवतात तिथे माझं लेथ आहे, धातू कातायचं यंत्र. युद्धात, अठराव्या वर्षी, मी तोफगोळ्यांच्या कारखान्यात लेथवर उभी राहिले. हजारात एक भाग इकडेतिकडे होऊ द्यायचे नाही. मग युद्ध संपलं, पुरुष परत आले, आम्हा बायकांना आभाराचं पत्र देऊन घरी पाठवलं. ते पत्र मी चूल पेटवायला वापरलं. एकावन्न साली भंगारातून हे छोटं लेथ आणलं, तेव्हापासून शेड माझी. इनॉकसुद्धा दार वाजवून येतो.

काम सुरू करायच्या आधी मी त्याचे तिन्ही जुने बाण पुढ्यात मांडले. एक उचलून वजन केलं, लांबी मोजली, जाडी मोजली, पकडीच्या खाचा मोजल्या. एका बाणाच्या शेपटाजवळ एक खाच जास्तीची होती. इनॉक तो बाण नेहमी तिसरा मारायचा. अंगठ्यानं खाच चाचपायची आणि मारायचा. म्हटलं, नव्यांतल्याही एकावर तशीच खाच पाडू. पितळेचा बाण चोवीस ग्रॅमचा होता, नवे चाळीसचे ठरवले.

टंगस्टनला घाई चालत नाही. लेथ अगदी हळू फिरवायचं, टूल घट्ट धरायचं, केसाएवढा थर काढायचा. पितळेच्या सोनेरी कुरळ्या निघतात. याचा निघतो राखाडी चुरा. तो पत्र्यावर पडताना टपटप आवाज होतो. शेडच्या खिडकीतून दुपारचं फिकं ऊन यायचं, लेथ गुणगुणायचं, चुरा पडत राहायचा. कधी चार वाजले, कधी अंधारलं, कळायचंच नाही. त्या धातूपाशी वेळसुद्धा जड व्हायचा. कधी वाटायचं मी अठराची आहे आणि शेजारच्या लेथवर कारखान्यातली मेबल गातेय. कधी वाटायचं मी फार म्हातारी आहे आणि हे सगळं पूर्वीच करून झालंय.

शेपूट बसवायच्या भोकात आटे पाडताना मात्र झोप उडाली. एवढ्याशा भोकात टॅप तुटला तर संपलं. कांडी तीन बाणांपुरतीच होती. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, थेंबभर तेल, पुन्हा अर्धा फेरा. अकरा दिवसांनी तीन बाण तयार झाले. तिघांच्या वजनात केसाचाही फरक नव्हता. स्वतःचं कौतुक मी सहसा करत नाही, पण त्या संध्याकाळी केलं.

सरावाची फळी शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला टांगलेली आहे. इनॉकनं पहिला बाण तोलला आणि त्याचा हात थांबला. अगदी थांबला नाही, पण दुरून गाडी गेल्यावर खिडकी हलावी तेवढाच कंप उरला. पहिला बाण लाल पट्टीत. दुसरा त्याच्या शेजारी. तिसरा दोन बोटं खाली.

"छान झालेत गं," तो म्हणाला.

"तिसरा?"

"होईल. नवीन आहेत."

तिसरा झाला नाही. नव्या बाणांचा पहिला गुरुवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. दोन बाण बरोबर, तिसरा खाली. मुदतीच्या सहाव्या गुरुवारच्या आदल्या दिवशी दुपारी इनॉक चीज घातलेला ओटकेक, आमच्याकडचं ओटच्या पिठाचं धिरडं, समोर ठेवून बसला होता. तो गार झाला तरी त्यानं तोंडाला लावला नाही.

"उद्या सिरिलला मीच सांगतो, ऑलिव्ह. पूस म्हणतो. दोन बाणांपुरताच जीव उरलाय या हातात. तिसऱ्यापर्यंत दमतो तो."

"दमतो म्हणे! ओटकेक खा."

"तुझ्या बाणांचा दोष नाही गं. ते उत्तमच आहेत."

मला इतका राग आला की मी ताट उचललं आणि दार आपटून शेडमध्ये गेले. राग कसला, भीती होती. खेळ सुटला की तो खुर्चीत बसणार, आणि त्या खुर्चीतून उठवणं माझ्या हातात नव्हतं.

दारावरच्या फळीकडे बघत मी उभी राहिले. लाल पट्टीच्या दोन बोटं खाली भोकांचा एक पुंजका होता. दाट, नाण्याएवढा. कितीतरी वेळ मी त्याच्याकडे बघत होते आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. थरथरणारा हात चुकला तर दर वेळी वेगळीकडे चुकेल. हे तर नेमानं एकाच जागी येत होतं. अशी चूक हाताची नसते, मोजमापाची असते. आणि मोजमाप माझं होतं.

मी जुने पितळी बाण काढले. पहिला काट्यावर ठेवला, चोवीस. दुसरा, चोवीस. जास्तीच्या खाचेचा तिसरा ठेवला.

बावीस.

संच आहे म्हणून मी एकच तोलला होता! कारखान्यात कोणी तीनपैकी एक मोजताना सापडलं असतं तर मुकादमानं कान उपटले असते. तिसरा बाण हलका. पस्तीस वर्षं इनॉकचा हात तो जरा हळू सोडत होता, नाहीतर वर गेला असता. मी त्याला जड दिला आणि हातानं आपल्या सवयीनं हळू सोडला. मग तो खाली पडणार नाही तर काय?

पण हलका झाला कसा? मी भिंग घेऊन खाच पाहिली. खाच कडेनं किंचित तिरकी होती. नवख्या हाताची. ती खाच माझी होती. एकावन्न साली पबात कोणाचा तरी बूट पडून बाण चेपला होता, आणि नव्या लेथवर मी केलेलं ते पहिलंवहिलं काम. चेप काढता काढता मी जास्तच धातू काढला होता, आणि तो डाग लपवायला वर एक खाच पाडली होती. कोणाला बोलले नव्हते. पुढे मलाही आठवेनासं झालं.

मी दिवा लावला. चोवीसातून दोन, म्हणजे बारावा भाग. चाळीसातून तेवढाच. निर्दोष झालेला बाण मी पुन्हा लेथला लावला आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक चूक मोजून मापून, जपून केली. चुरा टपटप पडत राहिला.

इनॉकला एवढंच सांगितलं, "जरा साफ केलाय. उद्या जा आणि मार."

गुरुवारी 'ब्लू सॉसर'मध्ये सिरिल पाटीखाली उभा होता. ओलं फडकं त्याच्या हातात तयारच होतं. इनॉकनं पहिला बाण मारला, लाल पट्टी. दुसरा, तिच्यातच. तिसऱ्याची खाच त्यानं अंगठ्यानं चाचपली, थांबला आणि वळून माझ्याकडे बघितलं. मग मारला. तीन बाण एकमेकांना चिकटून बसले. सिरिलनं फडक्यानं स्वतःचं कपाळ पुसलं.

घरी जाताना चढावर इनॉक म्हणाला, "एकावन्न साली दोन ग्रॅम काढले होतेस."

मी त्याच्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच बाणाला कळलं होतं. मग हाताला सवय झाली, आणि डोकं विसरलं. आज हातात घेतला तेव्हा आठवलं."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस, मेल्या?"

"शेडच्या दारात उभी होतीस. नाकावर तेल, हातात बाण. युद्ध संपल्यापासून पहिल्यांदा तुला हसताना बघत होतो. तुला सांगण्यापेक्षा हाताला शिकवणं सोपं होतं."

 त्याचा हात मी माझ्या कोटाच्या खिशात ओढून घेतला. तो थरथरत होता. मी घट्ट धरला.

"या वेळी किती काढलंस?" त्यानं विचारलं.

"तीन पूर्णांक तीन दशांश," मी म्हटलं.