भोंगा मी ऐकला होता

खिळ्यावर लटकणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो. मित्रांनो, मी एक जुना हेडफोन आहे. माझी एक गादी फाटली आहे, तार तीन ठिकाणी चिकटपट्टीने बांधली आहे आणि डोक्यावरच्या पट्टीवर बोटांचे तेलकट डाग आहेत. ते डाग एका रेडिओवाल्या बाईच्या बोटांचे आहेत. तिच्या हातून एक मोठी चूक झाली आणि त्या चुकीत माझाही वाटा होता. तो सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. शेवटच्या खुर्चीवर बसणारी चष्मेवाली कामगार बाई प्रत्येक हेडफोन स्वतःच्या कानाला लावून बघायची. माझ्या डावीकडून एक शिट्टी वाजली, मग उजवीकडून. "दोन्ही कान सारखे," असे म्हणून तिने मला खोक्यात घातले. तेव्हा ते शब्द मला शाबासकीसारखे वाटले होते. पुढे तेच शब्द मला फार बोचले.

मी आलो तो एका रेडिओ केंद्रात. तिसऱ्या मजल्यावरची खोली, भिंतींना जाड गाद्या आणि दारावर एक लाल दिवा. तो दिवा लागला की खोलीत शिंकायचीही चोरी. पहाटे सहा ते नऊ या वेळात माझी मालकीण तिथे बसून बोलायची आणि गाणी लावायची. ऐकणारे तिला सकाळताई म्हणत. शेवटी तेच तिचे नाव होऊन बसले.

रेडिओवाल्यांना शांततेचे फार भय असते. तीन सेकंद आवाज आला नाही की ऐकणारा बटण फिरवून दुसरीकडे जातो, असे त्यांना पहिल्या दिवशीच शिकवतात. त्यामुळे गाणे संपत आले की सकाळताई एक, दोन असे मोजायची आणि तीनच्या आत पुढचे सुरू करायची. पहाटे डोळ्यांवर झोप असे. ती घालवायला ती माझा आवाज वाढवायची. आज थोडा, उद्या आणखी थोडा.

"ताई, आवाज कमी ठेवा," केंद्राचे तंत्रज्ञ काका सांगायचे. "हेडफोन दुसरा आणता येईल. कान काही दुकानात मिळत नाहीत."

ती हसायची. मीही मनातल्या मनात हसायचो. मोठा आवाज म्हणजे मोठी सेवा, अशी माझी समजूत होती. "हा माझा उजवा हात आहे," असे ती चारचौघांत म्हणाली की मी फुशारून जायचो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरे काय.

मग केंद्राच्या वाढदिवसाचा कार्यक्रम बेटावरून करायचे ठरले. बेट पाऊण तासाच्या बोटीच्या अंतरावर होते. तिथे वाळूच्या कडेला एक मोठी शेड होती आणि दर शनिवारी तिथे लोक नाचायला जमत. दारात चपलांचा हा ढीग. आत बँकेतला रोखपाल मासे विकणारीसमोर नाचत होता. एक म्हातारे जोडपे गाणे कितीही धावते असले तरी आपल्याच संथ चालीने फिरत होते. सकाळताईने एक गाणे लावले आणि दीडशे माणसांचे चेहरे एकदम उजळलेले तिने पाहिले.

घरी गेल्यावर ती आईला म्हणाली, "आई, अकरा वर्षं मी भिंतीशी बोलले गं. ऐकणाऱ्याचं तोंड काल पहिल्यांदा बघितलं."

"इतके दिवस लोकांना उठवत होतीस," आई म्हणाली, "आता झोपू देऊ नकोस."

सकाळताईने रेडिओ सोडला आणि ती बेटावर डीजे झाली. निघताना काकांनी मला एका कापडी पिशवीत घालून तिच्या हातात दिले आणि कानांबद्दलचे ते वाक्य पुन्हा एकदा ऐकवले.

मित्रांनो, ती वर्षे फार सुखाची होती. संध्याकाळच्या बोटीत बसताना ती दमलेली असायची. पण बेटावरच्या दिव्यांची माळ दिसली की तिची पाठ सरळ व्हायची. कोण कुठल्या गाण्याला उठेल, कोणाला कधी पाणी प्यायला सोडायचे, म्हाताऱ्या जोडप्यासाठी कोणते गाणे राखून ठेवायचे, सगळे तिला पाठ होते. तिचा जीव त्या शेडमध्ये होता.

आता डीजेचे काम कसे चालते ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. मी दोन्ही कानांवर कधीच नसायचो. एका कानावर मी, त्यात पुढचे गाणे. दुसरा कान उघडा, त्यात शेडमधले आणि बाहेरचे आवाज. मी नेहमी डाव्या कानावर असायचो, आणि मोठ्या स्पीकरवर मात करायची म्हणून माझा आवाज केंद्रात असायचा त्याहून दुप्पट.

बेटाचा आणखी एक रिवाज होता. धक्क्यावरून शेवटची बोट साडेदहाला सुटायची. दहा वाजता बोट चालवणारे सारंगमामा धक्क्यावर बसवलेला भोंगा एकदा द्यायचे. शेडमधल्या गोंगाटात तो इतर कोणाला ऐकू यायचा नाही. डीजेचे टेबल मात्र स्पीकरच्या मागे, धक्क्याकडच्या खिडकीशी होते, म्हणून डीजेने उघड्या कानाने तो टिपायचा, गाणे खाली आणायचे आणि सांगायचे, "मंडळी, शेवटची बोट." आणि कधी लागोपाठ तीन भोंगे आले तर त्याचा अर्थ वेगळा. वारा फिरला आहे, आत्ताच्या आत्ता निघा. त्या वेळी सगळे एका माणसाच्या कानावर अवलंबून होते.

सातव्या वर्षी एके दिवशी सकाळताईने मला डाव्या कानावरून काढले आणि उजव्यावर ठेवले. मला वाटले, सहज. पुढच्या शनिवारीही तसेच. मग एकदा तिने मला हातात धरले, डाव्या कानाला लावले आणि माझा आवाज वाढवत वाढवत शेवटपर्यंत नेला. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. तिने मला खाली ठेवले.

तिचा डावा कान गेला होता. आणि तो मी घालवला होता, तिच्याच हाताने.

तिने कोणाला सांगितले नाही. आईला नाही, शेडच्या मालकीणबाईंनाही नाही. कळले तर हे काम जाईल, बेट जाईल, या भीतीने तिने तोंड शिवून घेतले. दहाचा भोंगा ती घड्याळावर सांभाळू लागली. काटा दहावर आला की गाणे खाली. कोणाला शंकासुद्धा आली नाही. पण माझा जीव टांगणीला लागला होता. चांगला कान माझ्याखाली झाकलेला आणि उघडा कान निकामी. दहाचा भोंगा घड्याळावर येतो. तीन भोंगे घड्याळ बघून येत नाहीत.

दोन वर्षे ते आले नाहीत.

त्या शनिवारी शेड तुडुंब भरली होती. सव्वानऊ वाजले होते. दिव्यांची माळ हलायला लागली, तेव्हा लोकांना ती मजाच वाटली. सकाळताई खांद्याने मला उजव्या कानावर दाबून पुढचे गाणे शोधत होती. आणि मी ऐकले. एक. दोन. तीन.

ती मान डोलवत होती.

मित्रांनो, माझे काम कानात आवाज ओतण्याचे. मला तोंड नाही. मी आतल्या आत तडफडलो, पण माझ्यातून बाहेर पडत होते ते फक्त पुढचे गाणे. थोड्या वेळाने भोंगे पुन्हा आले. एक, दोन, तीन. पलीकडच्या किनाऱ्यावरून कोणीतरी मालकीणबाईंना केलेला फोन गल्ल्याजवळ वाजून वाजून गप्प झाला. म्हातारे जोडपे फिरत होते. सकाळताईने त्यांचे गाणे लावले आणि त्यांना हात केला. तिसऱ्यांदा भोंगा आला तो मध्येच तुटला.

धक्क्यावर काय चालले होते ते मला नंतर कळले. लाटा बोटीला खडकाकडे ओढत होत्या. सारंगमामा आणि त्यांचा खलाशी दोर धरून उभे होते. एकानेही तो सोडला असता तर बोट गेली असती, म्हणून निरोप द्यायलाही कोणी मोकळे नव्हते. माणसे टाकून निघून जाणे मामांच्या स्वभावात नव्हते. ते एका हाताने दोर आवळून दुसऱ्याने भोंगा देत राहिले. शेवटी दोर सुटला आणि त्यांचा उजवा हात दोर आणि खांब यांच्यामध्ये सापडला. खलाशाने कशीबशी बोट बेटाच्या पलीकडच्या आडोशाला नेली. मामा चालत शेडकडे आले.

ते दारात उभे राहिले तेव्हा नखशिखांत भिजले होते आणि हाताला गुंडाळलेले फडके लाल झाले होते. सकाळताईने मान वर केली. तिने मला काढून गळ्यात सोडले आणि गाणे बंद केले.

"तीनदा दिला," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "परत तीनदा दिला. ऐकला नाहीस?"

मालकीणबाई धावत आल्या. त्यांनी हात बघितला, सकाळताईचा चेहरा बघितला आणि सावरून घ्यायला म्हणाल्या, "अहो, वारा उलटा आहे. आवाज इकडे आलाच नसेल. कोणाच्याही कानावर आला नसता."

सुटका आयती समोर आली होती. एक 'हो' म्हटले असते तर संपले असते. मी तिच्या गळ्यात होतो. शेडमध्ये कोणी हलत नव्हते. एक, दोन, तीन. तीन सेकंद उलटून गेले. मी सातपर्यंत मोजले. आयुष्यात तिने एवढी शांतता कधी होऊ दिली नव्हती.

मग तिने माइक तोंडाशी घेतला. सगळ्यांना ऐकू जावे म्हणून घेतला असणार.

"वारा नाही," ती म्हणाली. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी लपवलं, कारण कळलं तर तुम्ही मला इथे ठेवलं नसतं. मामा, तुमचा हात माझ्यामुळे गेला."

त्या म्हाताऱ्या जोडप्यातली आजी पुढे आली आणि आपल्या ओढणीने मामांचा हात नीट बांधू लागली. लोक वाळूवर, बाकांवर, चपलांच्या ढिगाशेजारी जागा मिळेल तसे बसले. सकाळ होईपर्यंत बेटावरून कोणी हलू शकले नाही. सकाळताई मामांच्या पायाशी बसून होती.

मामांची दोन बोटे गेली. डॉक्टरांनी सकाळताईचे कान तपासले आणि सांगितले, गेलेले परत येत नाही, उरलेले जपता येईल. ती आपले सामान न्यायला बेटावर आली. मला तिने पिशवीत घातलेही होते. तेवढ्यात मामा आत आले आणि त्यांच्यामागून खांद्यावर तारेचे वेटोळे घेऊन रेडिओचे तंत्रज्ञ काका. काकांच्या हातात केंद्राच्या दारावरचा तो जुना लाल दिवा होता.

"भोंग्याशेजारी बटण बसवलंय," काका म्हणाले. "मामांनी दाबलं की दिवा इथे तुमच्या नाकासमोर लागेल."

सकाळताईने पिशवी खाली ठेवली. "मामा, मला वाटलं, तुम्ही माझं तोंडही बघणार नाही."

"राग आहे," मामा म्हणाले. "तो राहील. पण त्या रात्री खोटं बोलायची सोय होती, ती तू घेतली नाहीस. आता कानावर नको, डोळ्यांवर काम करू." मग त्यांनी उरलेल्या तीन बोटांनी माझ्याकडे दाखवले. "हा मात्र पुन्हा कानाला लावायचा नाही."

मला वाईट वाटले नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल. पण निकाल बरोबर होता. तेव्हापासून मी या खिळ्यावर आहे, लाल दिव्याच्या बरोबर खाली. सकाळताई आता दुसरा हेडफोन वापरते आणि त्याचा आवाज इतका हळू ठेवते की मला त्याचा हेवा वाटतो.

मित्रांनो, माझ्या भावंडांना कानाला लावाल तेव्हा आवाज कमी ठेवा. आम्ही सांगितल्याइतके ओततो, थांबणे आम्हाला येत नाही. आणि काही ऐकू येईनासे झाले, तर ते लपवू नका. कोणालातरी लगेच सांगा.

दर शनिवारी दहा वाजता मामा डाव्या हाताने भोंगा देतात आणि मग बटण दाबतात. भोंगा अजूनही आधी मलाच ऐकू येतो. मग माझ्या वरचा दिवा लागतो. मी मोजतो. एक, दोन. तीनच्या आत तिचा हात पोचतो आणि गाणे थांबते.